रेल्वेत ‘लागणं’ आणि रेल्वेचं काम शिकणं

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर आमच्या घराची बेल वाजत राहते. मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवतो आणि राहतो कळव्यात. आमच्या इमारतीत निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी रेल्वेत आहे, त्यामुळे उरलेल्या निम्म्या घरांनाही आपलं पोर रेल्वेतच जावं असं वाटतं. यंदा पहिल्या आल्या त्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी, मुलाला पुढे घालून. हातात एका क्लासचं रंगीत पत्रक.

“भाऊजी, याला रेल्वेत लावायचाय. हा क्लास चांगला आहे का तेवढं बघा. पस्तीस हजार म्हणतायत.”

मी मुलाला विचारलं, “रेल्वेत म्हणजे कशात रे?”

“कशातही, काका. लागलो म्हणजे झालं.”

त्याचं काही चुकलं नाही, आपल्याकडे बोलायची पद्धतच तशी आहे. पण या ‘कशातही’पायी मुलांची तीन-तीन, चार-चार वर्षं गेलेली मी पाहिली आहेत. परीक्षा कशी द्यायची हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. काम काय असतं, ते शिकवतं कोण आणि त्यासाठी कोणत्या वयात काय हाताशी असावं लागतं, हे सांगणारं कोणी भेटत नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतो.

सकाळची एक साधी लोकल घ्या. ती सुटण्याआधी रात्री शेडमध्ये कोणीतरी तिच्या पोटाखाली उतरून चाकं आणि ब्रेक तपासलेले असतात. कोणीतरी पहाटे रुळांवरून चालत जाऊन सांधे बघितलेले असतात. वरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते, ती तार सांभाळणारी माणसं वेगळी. सिग्नल आणि पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) सांभाळणारे वेगळे. मग स्टेशन मास्तर, मोटरमन, गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) आणि तिकीट खिडकीवरचा क्लार्क. या प्रत्येकाचं शिक्षण वेगळं, वैद्यकीय तपासणी वेगळी, प्रशिक्षण वेगळं. त्यामुळे ‘रेल्वेची तयारी’ अशी एकच एक तयारी नसते. आधी दार ठरवायचं, मग किल्ली शोधायची.

अप्रेंटिस म्हणजे काय, आणि काय नव्हे

माझ्याकडे येणाऱ्या मुलांसाठी सगळ्यांत जवळचं दार म्हणजे अप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रेल्वे दरवर्षी हजारो मुलं एक वर्षासाठी घेते. वय १५ ते २४, राखीव प्रवर्गांना सवलत, दहावीला किमान ५० टक्के आणि त्यावर आयटीआय. मुंबईच्या मुलांना यासाठी घर सोडावं लागत नाही. मध्य रेल्वेच्या जागा माटुंगा आणि परळच्या वर्कशॉपमध्ये, कुर्ला आणि कल्याणच्या शेडमध्ये, वाडीबंदरला, भायखळ्याच्या सिग्नल वर्कशॉपमध्ये असतात. पश्चिम रेल्वेच्या लोअर परळ आणि महालक्ष्मीला. ही काही कालची ठिकाणं नाहीत. परळचं वर्कशॉप १८७९ चं आणि माटुंग्याचं १९१५ चं. गिरणगावातल्या कितीतरी घरांच्या दोन-दोन पिढ्या इथेच हात काळे करून शिकल्या.

या निवडीला परीक्षा नसते, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के यांची सरासरी काढतात आणि त्यावर यादी लागते. समजा एका मुलाला दहावीला ६२ आणि आयटीआयला ८०, तर त्याची सरासरी ७१. दुसऱ्याला दहावीला ८४ आणि आयटीआयला ७४, त्याची ७९. आयटीआयमध्ये पहिला मुलगा हुशार ठरला तरी यादीत दुसरा वर जातो. “दहावीचं काय, नंतर आयटीआयला भरून काढू,” म्हणणाऱ्या मुलांना मी हे गणित फळ्यावर करून दाखवतो. दहावीचे निम्मे गुण यादीत शेवटपर्यंत सोबत येतात.

आत गेल्यावर काय शिकवतात? आयटीआयमध्ये आम्ही मुलाच्या हातात कानस देतो आणि लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणायला सांगतो. सुरुवातीचे महिने तेच. मुलं कंटाळतात. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. मधून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. हा खेळ कशाला, ते शेडमध्ये कळतं. तिथे पिटमध्ये उतरल्यावर डोक्यावर डब्याचं पोट असतं, ग्रीसचा आणि तापलेल्या ब्रेकचा वास असतो, आणि समोर चाक. चाकाची आतली कड, जिला फ्लँज म्हणतात, तीच गाडीला रुळावर धरून ठेवते. ती किती झिजली हे गेज लावून मिलिमीटरमध्ये मोजायचं. एका वर्षी माझा एक विद्यार्थी शेडमधून भेटायला आला आणि म्हणाला, “सर, तुम्ही उजेडाची रेघ बघायला लावायचा ना, तीच सवय तिथे रोज लागते.” ब्रेक ब्लॉक बदलणं, बेअरिंग ऐकणं, बोल्ट किती आवळायचा हे हाताला कळणं, हे कुठल्याही क्लासच्या व्हिडिओत मिळत नाही. वर्ष संपल्यावर ट्रेडची अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. वर्षभर विद्यावेतनही असतं. त्यावर घर चालत नाही, पण पास, डबा आणि बुटांचा खर्च निघतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे वहिनींनाही मी दोनदा सांगितलं. अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे. कायद्यात नोकरीची हमी नाही. रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अप्रेंटिसांसाठी लेव्हल १ च्या (सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या) थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, पण त्यासाठीही अर्ज करून भरती परीक्षेत उतरावं लागतं. २० मार्च २०१८ ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. ऐन गर्दीच्या वेळी दादर-माटुंग्यामध्ये शेकडो मुलं रुळांवर बसली होती आणि मध्य रेल्वे काही तास ठप्प होती. ती हीच अप्रेंटिसशिप केलेली मुलं. २० टक्क्यांची अट काढा आणि आम्हाला सरळ सामावून घ्या, ही त्यांची मागणी होती. त्या दिवशी ऑफिसला उशीर झालेल्यांनी त्यांना शिव्या घातल्या. मला मात्र त्यांचे चेहरे माझ्या वर्गातल्यासारखेच दिसत होते. वर्षभर काम शिकायचं आणि मग पुन्हा रांगेत शेवटी उभं राहायचं, हे कोणालाही लागतं. माझं मत विचाराल तर, हाताने शिकलेल्या मुलाला व्यवस्थेने याहून जास्त किंमत द्यायला हवी. पण आज नियम असा आहे, आणि मुलाने तो माहीत करूनच आत जावं. ते प्रमाणपत्र मेट्रोत, खासगी कारखान्यात, बंदरात सगळीकडे चालतं, म्हणून ते वर्ष वाया जात नाही.

अप्रेंटिसशिपशी गल्लत होते ती ‘रेल कौशल विकास योजने’ची. ती सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. दहावी पास, १८ ते ३५ वय, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट अशा कामांची फुकट तोंडओळख, साधारण तीन आठवड्यांत १०० तास. ज्याने हातात कधी पाना धरला नाही त्याला आपल्याला हे काम आवडतंय का, हे कळायला बरी आहे. पण त्यात विद्यावेतन नाही, आणि तिच्या जोरावर रेल्वेत नोकरीचा हक्कही सांगता येत नाही.

गाडी चालवायचीय? आधी डोळे

मुलांना खरं हवं असतं ते इंजिन. तिथे थेट भरती होते ती सहायक लोको पायलट म्हणून, म्हणजे एएलपी. दहावी आणि ठरलेल्या ट्रेडमधला आयटीआय, किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा. रेल्वे भरती मंडळाच्या संगणकीय परीक्षांचे दोन टप्पे, त्यानंतर अभियोग्यता चाचणी. या तिसऱ्या चाचणीत लक्ष किती टिकतं, डोळा किती चटकन फरक टिपतो, असलं तपासतात. त्यातल्या प्रत्येक भागात वेगवेगळं पास व्हावं लागतं. एकात चांगले आणि दुसऱ्यात कमी, असं चालत नाही. प्रश्नपत्रिका मराठीत घेता येते. अर्ज भरतानाच तो पर्याय निवडायचा असतो, आणि आपली मुलं सवयीने इंग्रजीवर टिचकी मारून मोकळी होतात.

पण परीक्षेच्याही आधीची गोष्ट डोळ्यांची. या पदाला ए-१ हा सर्वांत कडक वैद्यकीय दर्जा लागतो. दोन्ही डोळ्यांची दूरची नजर चष्म्याशिवाय ६/६, रंग अचूक ओळखता येणं, रात्रीच्या आणि संधिप्रकाशातल्या नजरेची तपासणी. लेझरने नंबर घालवून घेतला असेल तर तेही चालत नाही.

आमच्या आयटीआयचा एक विद्यार्थी होता, इलेक्ट्रिशियन ट्रेडचा, अंबरनाथहून यायचा. अभ्यासू. एका क्लासने त्याच्याकडून दोन वर्षं फी घेतली. तो लेखी परीक्षांचे दोन्ही टप्पे पार झाला, अभियोग्यता चाचणी पार झाला, घरी पेढे वाटले. वैद्यकीय तपासणीत त्याच्यासमोर रंगीत ठिपक्यांच्या पाट्या धरल्या आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा त्याला दिसेना. लाल-हिरव्यातला फरक त्याला जन्मापासूनच नीट कळत नव्हता आणि वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. महापालिकेच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात ही तपासणी दहा मिनिटांत होते. त्या क्लासने पहिल्याच दिवशी “आधी डोळे तपासून ये” एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. मीही ते बोललो नव्हतो, याची टोचणी मला अजून आहे. आता माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात मी हे सांगतो. तो मुलगा आज लिफ्टच्या देखभालीचं काम करतो आणि चांगलं करतो, पण त्याची दोन वर्षं कोणी परत आणून देणार नाही.

रंगांची एवढी काटेकोर अट कशासाठी, हे इंजिनात बसल्यावर समजतं. लाल म्हणजे थांब. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल पिवळा असू शकतो, वेग आवर. हिरवा म्हणजे मोकळी वाट. पायलट आणि सहायक दोघंही प्रत्येक सिग्नल हात दाखवून मोठ्याने बोलतात. एक म्हणतो “डबल यलो”, दुसरा तेच परत म्हणतो. रात्री तीन वाजता डोळे जड झालेले असतानाही बोलतात. ही पोपटपंची नाही. तोंडाने बोललं की मेंदू जागा राहतो आणि एकाची चूक दुसऱ्याच्या कानावर पडते. एएलपीच्या प्रशिक्षणात नियमांचं पुस्तक, ब्रेकची रचना, इंजिनातला बिघाड वाटेत कसा शोधायचा हे सगळं असतं, पण सगळ्यांत खोल मुरवतात ती ही सवय.

लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये थांबते, जरा वेळाने मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते, आणि डब्यात कोणीतरी मोटरमनच्या नावाने बोटं मोडतं. पुष्कळदा त्यामागे नियम असतो. ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल तर गाडी दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबवायची आणि मग समोर अडथळा असेलच असं धरून, कुठेही थांबता येईल इतक्या सावकाश न्यायची. समोर दुसरी लोकल उभी असू शकते. ते एक मिनिट डब्यातल्यांना लांब वाटतं. मोटरमनला ते घड्याळ बघून पूर्ण करायला शिकवलेलं असतं.

मोटरमन म्हणून बाहेरून थेट भरती होत नाही. एएलपीपासून सुरुवात, मग शंटिंग (यार्डात डबे-इंजिन हलवणं), मालगाडी, आणि वर्षांच्या अनुभवानंतर निवड होऊन लोकल. तिथे पुन्हा वेगळं प्रशिक्षण. लोकलच्या कंट्रोलरची मूठ दाबून धरावी लागते. मोटरमनला भोवळ आली आणि हात सैल पडला तर ब्रेक आपोआप लागतात. गार्डशी बोलणं घंटेच्या ठोक्यांनी, दोन ठोके म्हणजे निघ, एक म्हणजे थांब. मार्गही शिकावा लागतो: कुठे उतार, कुठे वळणाआड सिग्नल, पावसात पाणी कुठे भरतं. नव्या मार्गावर आधी नुसतं सोबत बसून फेऱ्या करायच्या, मार्ग माहीत झाल्याची सही द्यायची, मगच गाडी हातात.

साताऱ्याच्या सुरेखा यादव याच वाटेने गेल्या. कराडला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत धडे आणि १९८९ मध्ये सहायक चालक. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून सगळं जग त्यांना ओळखतं. मालगाडी, लोकल, घाटातली गाडी असं करत त्या २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारतपर्यंत पोचल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. मुलींच्या पालकांना मी हे नाव हटकून सांगतो. आमच्या आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मुली आहेत, पण एएलपीचा अर्ज भरायची वेळ आली की घरातून कोणीतरी ‘रात्रपाळी’ हा शब्द काढतं आणि विषय मिटतो.

रुळांवरची माणसं

सर्वांत जास्त जागा निघतात त्या लेव्हल १ च्या, आणि त्यांबद्दलच सर्वांत कमी माहिती असते. ट्रॅक मेंटेनर, ज्याला अजून सगळे गँगमन म्हणतात, तो यातला. दहावी पुरते, संगणकीय परीक्षा असते आणि मग शारीरिक चाचणी. मुलांनी ३५ किलो वजन खाली न टेकवता दोन मिनिटांत १०० मीटर न्यायचं आणि १,००० मीटर सव्वाचार मिनिटांत पळायचं. मुलींसाठी २० किलो, आणि पळायला पाच मिनिटं ४० सेकंद. संधी एकच.

वजन उचलणं हे त्या कामातलं निम्मंच. रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा आपण वैतागतो. त्या काही तासांत ही माणसं रूळ बदलतात, स्लीपरखालची खडी नीट करतात. की-मॅन रोज काही किलोमीटर रूळ पायी तपासतो, रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवतो, रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवतो. गाडी थांबवायची कशी, हे त्याला अगदी पहिल्यांदा शिकवतात. अडथळ्यापासून ६०० मीटरवर रुळावर एक फटाका आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके. फटाका म्हणजे रुळावर बसवायची स्फोटक टिकली. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि चालक ब्रेक लावतो. लाल झेंडा हातात घेऊन धावत सुटायचं आणि फटाके लावायचे, हे सगळं समोरून गाडी येत असताना करायचं असतं.

शिकणं भरतीनंतर संपतही नाही. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला धावली तेव्हा तारेत १,५०० व्होल्टची डीसी वीज होती. २०१६ पर्यंत अख्खं उपनगरी जाळं २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर गेलं. आमच्या इमारतीतले एक काका तीस वर्षं जुन्या गाड्यांवर काम केलेले. पन्नाशीनंतर त्यांनी वही-पेन्सिल घेऊन एसी विजेच्या गाड्यांचं प्रशिक्षण घेतलं. आता गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ यंत्रणा आणि वातानुकूलित लोकल. आजच्या मुलाला सर्किट वाचता आलं पाहिजे, हे मी त्या काकांकडे बघूनच शिकलो.

पदवी आणि डिप्लोमावाल्यांबद्दल थोडक्यात. स्टेशन मास्तर आणि मालगाडीचा ट्रेन मॅनेजर यांना कुठल्याही शाखेची पदवी, तिकीट क्लार्कला बारावी, ज्युनिअर इंजिनिअरला डिप्लोमा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल १ ची सुरुवात १८,००० मूळ वेतनावर, एएलपीची १९,९०० वर आणि स्टेशन मास्तरची ३५,४०० वर. बारावी विज्ञानाच्या हुशार मुलांसाठी वडोदऱ्याचं, वाहतूक क्षेत्राचं शिक्षण देणारं गतिशक्ती विद्यापीठ आहे, जेईई मेनमधून प्रवेश. मेट्रोची भरती रेल्वे भरती मंडळाकडे नसते, ती त्या-त्या मेट्रो कंपनीची. घाटकोपर-वर्सोव्याची २०१४ मध्ये सुरू झालेली पहिली मार्गिका असो की आरे ते कफ परेडची भुयारी, अर्ज आणि प्रशिक्षण वेगळं. २०२४ पासून भरती मंडळाने वर्षाचं वेळापत्रक बांधलं आहे. साधारण जानेवारी ते मार्च एएलपी, मग टेक्निशियन, मग पदवीधर आणि ज्युनिअर इंजिनिअर, शेवटी लेव्हल १. त्यामुळे अभ्यासाची आखणी करता येते.

आणि पैसे मागणारे. डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या २८ जणांची बातमी आली होती. त्यांना नवी दिल्ली स्टेशनवर महिनाभर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला बसवलं होतं, आणि हेच टीसी-क्लार्कचं प्रशिक्षण, असं सांगितलं होतं. प्रत्येकाने लाखो रुपये दिले होते. ती माणसं मूर्ख नव्हती. रेल्वेचं प्रशिक्षण खरंच कसं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच. प्रशिक्षण निवडीनंतर होतं, त्यासाठी उमेदवाराने कोणाला पैसे द्यायचे नसतात. भरती मंडळाची परीक्षा फी ५०० रुपये, त्यातले ४०० पहिली परीक्षा दिली की परत येतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना २५० भरायचे आणि ते सगळे परत. यापलीकडे कोणी ‘वरती द्यावे लागतात’ म्हणाला तर तिथूनच उठायचं.

वहिनींचं पत्रक मी परत दिलं आणि म्हटलं, “क्लासचं पुढच्या वर्षी बघू. आधी याला डोळे तपासायला घेऊन जा.” सोमवारी दोघं कळव्याच्या महापालिका रुग्णालयात जाऊन आले. नजर ६/६, रंग सगळे बरोबर ओळखले. परवा संध्याकाळी तो एकटाच वर आला, आयटीआयच्या प्रवेशाचा अर्ज मोबाइलवर उघडून. पहिली पसंती इलेक्ट्रिशियन टाकू की फिटर, विचारत होता. मी त्याला म्हटलं, शनिवारी वर्कशॉपमध्ये ये, दोन्ही हाताळून बघ आणि मग टाक.